मेहलाचा काटा, कॅलेरीचा बहर

गुढीपाडव्याच्या आगेमागे जगाच्या दोन दूरच्या कोपऱ्यांत एकाच कुळातली दोन झाडं पांढरीशुभ्र होतात. एक कुमाऊँमध्ये. नैनितालकडून रामगड, मुक्तेश्वरच्या बाजूला निघालं की पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या बांधांवर, पाण्याच्या झऱ्याशेजारी, गायरानाच्या कडेला हे झाड उभं असतं. पानं अजून धड फुटलेली नसतात आणि काळ्या, खरबरीत फांद्यांवर फुलांचे घोस लगडलेले असतात. याला तिथले लोक मेहल म्हणतात. हिमाचलात तेच कैंथ किंवा शेगल, नेपाळात मयल. दुसरं झाड अमेरिकेच्या पूर्व भागात. न्यू जर्सी, मेरीलँड, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, म्हणजे आपल्याकडची कितीतरी घरं जिथे जाऊन वसली आहेत त्या उपनगरांत. वसाहतींच्या रस्त्यांवर दुतर्फा, मॉलच्या पार्किंगभोवती, शाळांच्या दारांत ते ओळीनं लावलेलं दिसतं. त्याचं नाव कॅलेरी पेअर; लोकांच्या तोंडी मात्र त्याच्या एका निवडक वाणाचं नाव बसलंय, ब्रॅडफर्ड पेअर.

दोन्ही रानटी नासपती. दोन्हींची फळं सुपारीएवढी किंवा त्याहून लहान. दोन्ही काटक, दोन्ही काटेरी. पण पहिल्याची आपल्या डोंगराबाहेर कुणी फारशी दखल घेत नाही आणि दुसऱ्याची विक्री आज अमेरिकेतल्या काही राज्यांनी कायद्यानं बंद केली आहे. दोन झाडांच्या अंगच्या गुणांत एवढा फरक खचितच नाही. हा फरक कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे.

नासपतीचं कूळ म्हणजे वनस्पतिशास्त्रातलं पायरस. गुलाब, सफरचंद, बदाम यांच्या मोठ्या घराण्यातलं. अभ्यासकांचा कल असा की या कुळाचं मूळ चीनच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य डोंगराळ मुलखात असावं. तिथून एक फाटा पश्चिमेला मध्य आशिया, कॉकेशस, युरोपकडे गेला आणि त्यातून लोण्यासारखी मऊ युरोपीय नासपती आली. दुसरा पूर्वेला चीन, कोरिया, जपानकडे गेला. कुरकुरीत, रसाळ, गोल आशियाई नासपती ही त्याची देणगी. पिकवलेल्या वाणांच्या मागे उभे आहेत ते रानातले भाऊबंद. सगळ्यांची गुणसूत्रं साधारण सारखीच, चौतीस. त्यामुळे एकमेकांशी संकर सहज होतो, आणि म्हणून जातींच्या सीमा आखताना तज्ज्ञांचेही वाद होतात.

मेहल, म्हणजे पायरस पाशिया. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यानं नेपाळात गोळा केलेल्या वनस्पतींवरून डेव्हिड डॉननं 1825 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. अफगाणिस्तानापासून पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, भूतान असा हिमालयाचा सगळा दक्षिण उतार धरून ते म्यानमार, युन्नान, व्हिएतनामपर्यंत जातं. साधारण साडेसातशे ते सव्वीसशे मीटर उंची त्याला मानवते. कॅलेरी, म्हणजे पायरस कॅलेरियाना, चीन, कोरिया, जपान, व्हिएतनामचं. चीनमध्ये राहिलेला धर्मप्रसारक आणि चिनी भाषेचा पंडित जोसेफ-मारी कॅलेरी याच्या नावावरून पॅरिसच्या जोसेफ देकेन यानं 1870 च्या दशकात त्याचं बारसं केलं. दक्षिण चीनच्या काही भागांत दोघांचे मुलूख एकमेकांना भिडतात.

ही दोन झाडं शेजारी ठेवली तर वेगळी कशी ओळखायची? दुरून पाहून तर फसगतच होते. झाडाचा आकार, फुलांचा रंग, फळांवरचे बारीक फिकट ठिपके, सगळं मिळतंजुळतं. खरी ओळख फुलाच्या आत आहे. फूल हातात घेऊन मधल्या कुक्षीवृंतांची, म्हणजे पराग जिथे पोचायचे त्या बारीक दांड्यांची, संख्या मोजायची. मेहलाच्या फुलात त्या तीन ते पाच असतात. कॅलेरीच्या फुलात दोन, क्वचित तीन. फळ आडवं कापलं की हाच हिशेब बियांच्या कप्प्यांत दिसतो. पुंकेसरांचंही तसंच. मेहलात पंचवीस ते तीस, कॅलेरीत वीसच्या आसपास. मेहलाच्या परागकोशांना गडद लाल छटा असते आणि कळीवर गुलाबी झाक. फूल उमलताना पाहिलं तर पांढऱ्या पाकळ्यांत लाल ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. फुलाखालची हिरवी संदलं लोकरीसारख्या लवेनं भरलेली.

पानांत आणखी एक खूण आहे आणि ती मला सगळ्यांत रमवणारी वाटते. मेहलाचं मोठं झाड लांबट अंडाकृती, कडेला बारीक दाते असलेलं पान धरतं. पण त्याच झाडाच्या बुंध्यातून फुटलेला कोवळा धुमारा पाहिला, किंवा बी रुजून आलेलं रोप पाहिलं, तर पानाला खोल खाचा असतात, तीन तीन बोटं निघालेली. एकाच मुळावरची ही दोन तऱ्हांची पानं वेगवेगळी देऊन विचारली, तर वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थीही गोंधळेल. कॅलेरीचं पान त्या मानानं रुंद, जाड, तेलकट चमकीचं, कडा बारीक नागमोडी. शरद संपत आला, इतर झाडं ओकीबोकी झाली की ते जांभळट लाल होतं. अमेरिकेतल्या लोकांना या झाडाची भूल पडली ती वसंतातल्या फुलांइतकीच या उशिरा येणाऱ्या रंगामुळे. मेहलाला असा रंगाचा थाट नाही.

आणि काटे. दोन्ही झाडांत लहानपणी आखूड फांद्यांची टोकं टणक होऊन काटा बनतात. जनावर रोप खाऊ पाहील त्या वयात झाड हे संरक्षण करतं; उंच झालं, धोका टळला की वरच्या फांद्यांत काटे कमी होतात. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाची एक नाळ तिच्यात आहे.

मेहलाचं फळ झाडावरून तोडून तोंडात टाकलं तर जीभ आखडते. तुरट, टणक, आणि नासपतीच्या सगळ्या कुळात असतात तसे वाळूसारखे रवाळ कण. ते हिरवट तपकिरी असताना खायचं नसतंच. कार्तिकानंतर थंडी पडते, दहिवर गोठतं, फळ झाडावरच किंवा गवतात पडून काळंभोर, मऊ होतं. आपण कैरी अढीत घालतो तशी मेहलाला थंडीच अढी घालते. मग तुरटपणा जातो आणि गूळमट गोडी येते. पहाडातल्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. शाळेतून घरी येताना खिशात काळी पडलेली फळं भरून आणणारी पिढी अजून तिथे आहे. माणसांच्या आधी अस्वलं पोचतात. हिमालयातलं काळं अस्वल हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवतं, त्यात मेहलाचा वाटा आहे. पानं जनावरांच्या वैरणीला जातात, काटेरी फांद्या शेताच्या कुंपणाला, आणि चिवट लाकूड काठीला, हत्याराच्या दांड्याला.

पण मेहलाचं सर्वांत मोठं काम जमिनीखाली आहे. उत्तराखंड, हिमाचलात बाजारासाठी पिकवली जाणारी नासपती बऱ्याच ठिकाणी मेहलाच्या खुंटावर उभी असते. पिकलेल्या मेहलाचं बी काढून ओल्या वाळूत थंडीत ठेवायचं, रुजलेली रोपं वाफ्यात वाढवायची, बुंधा पेन्सिलीएवढा झाला की थंडी सरता सरता त्यावर हव्या त्या वाणाची काडी बसवायची. ही झाली रोपवाटिकेची रीत. जुनी रीत आणखी सरळ होती. बांधावर आपोआप वाढलेलं मेहलच कमरेएवढं छाटायचं आणि त्यावर जागेवरच कलम करायचं. मुळं आधीच खोल गेलेली, खडकाळ उतार त्यांनी पचवलेला, पाणी शोधून काढलेलं. वरचं झाड दोन-तीन वर्षांत फळाला येतं. हे खुंट सरसकट चांगलेच असं नाही. बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं, म्हणून एका बागेत एक झाड उंच जातं, एक खुजं राहतं. बुडातून फुटवेही फार येतात. तरी ज्या जमिनीत परदेशी खुंट सुकतो तिथे मेहल तग धरतं, आणि डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्याला तेच लागतं.

महाराष्ट्राच्या वाचकाला ही गोष्ट परकी नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. त्याची थॉमसन किंवा सोनाका ज्या मुळांवर उभी आहे तो डॉगरिज नावाचा खुंट टेक्सासच्या रानटी द्राक्षाचा आहे. तो खारवट जमीन आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून इथे आला. खाल्लं जातं वरचं फळ, सोसतं खालचं रान.

कॅलेरी अमेरिकेत गेलं ते याच कामासाठी. त्याचं मूळ कारण एक रोग होता. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीला फायर ब्लाइट नावाचा रोग लागतो. तो लागला की फुलं, कोवळे शेंडे अचानक काळे पडतात, झाडावर आगीची झळ गेल्यासारखं दिसतं, आणि रोग फांदीतून खोडात उतरला की झाड संपतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्ककडे तो पहिल्यांदा नोंदला गेला. एकोणिसाव्या शतकात इलिनॉयच्या थॉमस बरिलनं दाखवून दिलं की यामागे जिवाणू आहे. वनस्पतीला जिवाणूमुळे रोग होतो हे सिद्ध होण्याची ती सुरुवात. विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग कॅलिफोर्नियाच्या नासपतीच्या बागा फस्त करत ओरेगॉनपर्यंत पोचला. युरोपीय नासपतीत त्याला तोंड देण्याची ताकद जवळजवळ नव्हती.

ओरेगॉनच्या टॅलेंट गावातल्या प्रयोगकेंद्रात फ्रँक रायमर यानं जगभरातल्या नासपती जमवून त्यांना मुद्दाम रोगाची लागण करून पाहिली. ज्या थोड्या टिकल्या त्यात कॅलेरी होतं. बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटमसाठी अर्नेस्ट विल्सननं 1908 मध्ये चीनमधून त्याचं बी पाठवलं होतं. आता हवं होतं ते मोठ्या प्रमाणावर, आणि ते आणण्याचं काम आलं अमेरिकी कृषी खात्याच्या फ्रँक मेयरकडे.

हा मेयर विलक्षण माणूस. ॲम्स्टरडॅममध्ये जन्मलेला, माळीकाम शिकलेला, पायी चालण्याचं वेड असलेला. चीनमध्ये हजारो मैल भटकून त्यानं वनस्पती गोळा केल्या. आज जगभर विकलं जाणारं मेयर लिंबू त्याच्याच नावाचं. हुपेई प्रांतात चिंगमेनच्या परिसरात त्याला कॅलेरी भेटलं आणि तो थक्क झाला. कोरड्या, मुरमाड टेकडीवर ते होतं, तळ्याच्या काठच्या साचल्या पाण्यातही होतं, पाइनच्या सावलीत होतं, बांबूच्या बेटातही होतं. कुठलीही जमीन त्याला चालत होती. बी गोळा करताना मात्र हाल होत. फळ वाटाण्याएवढं, आत चिमूटभर बी; पौंडभर बियांसाठी मणभराहून अधिक फळं सडवून, धुऊन, चाळावी लागत. 1918 च्या जूनमध्ये यांगत्सी नदीवरच्या बोटीतून मेयर बेपत्ता झाला. काही दिवसांनी नदीत त्याचा देह मिळाला. त्यानं पाठवलेलं बी मात्र अमेरिकेत रुजलं होतं. जी गोष्ट पाहून तो हरखला, कुठेही वाढण्याची ती ताकद, तिच्यावरच शंभर वर्षांनी तिथली राज्यं कायदे करणार होती.

मेरीलँडमध्ये ग्लेन डेल येथे कृषी खात्याचं वनस्पती केंद्र होतं. तिथे नानजिंगहून विकत आणलेल्या बियांपासून वाढलेली कॅलेरीची झाडं होती. 1950 च्या सुमारास जॉन क्रीच या शास्त्रज्ञाचं लक्ष त्यांतल्या एका झाडाकडे गेलं. तिशीतलं, डौलदार, गोलसर, फुलांनी भरलेलं, आणि काटे जवळजवळ नाहीत. त्याच्या काड्या घेऊन कॅलेरीच्याच खुंटांवर कलमं केली गेली, जवळच्या युनिव्हर्सिटी पार्क वस्तीत रस्त्याकडेला लावून पाहिली, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राचे जुने प्रमुख ब्रॅडफर्ड यांचं नाव देऊन हा वाण बाजारात आला. महायुद्धानंतरची ती नवीन उपनगरांची लाट होती. लवकर वाढणारं, स्वस्त, कीड न लागणारं, फळांचा कचरा न करणारं झाड सगळ्यांनाच हवं होतं. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये एक ब्रॅडफर्ड लावलं, आणि पुढल्या तीस वर्षांत हे झाड लाखांनी लागलं.

फळांचा कचरा न करणारं, हे खरंच होतं. त्याचं कारण समजून घेतलं की सगळा उलगडा होतो. नासपतीच्या कुळात झाड आपला पराग आपल्याच फुलावर स्वीकारत नाही. कुक्षीवृंतात अशी ओळखयंत्रणा असते की स्वतःच्या जनुकखुणेचा पराग आला तर त्याची नळी वाटेतच थांबते. फळ धरायला वेगळ्या जनुकखुणेचा पराग लागतो. ब्रॅडफर्डची सगळी झाडं एकाच झाडाची कलमं, म्हणजे जनुकांच्या दृष्टीनं एकच झाड. रस्त्यावर हजार ब्रॅडफर्ड असली तरी ती एकमेकांना परकी नव्हती. म्हणून फळ नाही. लोकांनी याचा अर्थ लावला, झाड वांझ आहे.

ते वांझ नव्हतं, एकटं होतं. ब्रॅडफर्डच्या फांद्या एकाच जागेहून अरुंद कोनात वर जातात. पंधरा-वीस वर्षांनी वादळात किंवा बर्फाच्या ओझ्यानं झाड मधोमध फाटतं. हा दोष लक्षात आल्यावर रोपवाटिकांनी मजबूत फांद्यांचे दुसरे वाण काढले, ॲरिस्टोक्रॅट, चँटिक्लिअर आणि आणखी कितीतरी. एका अंगणात ब्रॅडफर्ड, शेजारच्या अंगणात ॲरिस्टोक्रॅट. मधमाश्या आणि माश्या दोन्हींवर फिरल्या आणि दोन्ही झाडं फळांनी लगडली. जिथे वरचं कलम मेलं तिथे खालचा बियांचा खुंट फुटला, त्याचाही पराग त्यात मिसळला. सिनसिनाटी विद्यापीठातल्या थेरेसा कली यांनी जनुकीय खुणांच्या आधारे दाखवून दिलं की रानात पसरलेली झाडं ही या बागेतल्या वाणांच्या आणि खुंटांच्या संकराची लेकरं आहेत.

फळं थंडीत मऊ झाली की स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे ती खातात. हा पक्षीही अमेरिकेचा नव्हे. 1890 मध्ये युरोपातून आणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेला. बी विष्ठेतून महामार्गाच्या कडेला, पडीक शेतात, जंगलाच्या उघड्या कडेला पडतं. तिथे उगवलेल्या रोपाला नुसता ब्रॅडफर्डचा डौल कुठला असणार? त्यात चीनच्या टेकडीवरचं सगळं रक्त परत येतं, काट्यांसकट. इंच-दोन इंचांचे ते काटे ट्रॅक्टरचं टायर फोडतात. झाडं दाट जाळी करून सूर्यप्रकाश अडवतात. स्थानिक ओकवर सुरवंटांच्या शेकडो जाती जगतात, आणि पिलं वाढवणारे पक्षी त्या सुरवंटांवर. कॅलेरीवर जवळजवळ काहीच जगत नाही. कीड न लागणारं झाड म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्याचा हा दुसरा अर्थ. आपल्या डोंगरांवर घाणेरीनं काय केलं हे ज्यानं पाहिलंय त्याला आणखी सांगायला नको. तीही इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून आली होती.

ओहायोनं जानेवारी 2023 पासून कॅलेरीची विक्री बंद केली. पेनसिल्व्हेनियात फेब्रुवारी 2024 पासून, साउथ कॅरोलिनात 1 ऑक्टोबर 2024 पासून बंदी अमलात आली. काही राज्यांत अंगणातलं ब्रॅडफर्ड तोडल्याचा फोटो दाखवला की बदल्यात देशी झाडाचं रोप फुकट मिळतं.

आणि याच जातीचं एक झाड न्यूयॉर्कमध्ये जपलं जातंय. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या चौकात 1970 च्या दशकात लावलेलं कॅलेरी. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर ऑक्टोबरमध्ये ढिगारा उपसताना ते सापडलं. जळकं खोड, तुटलेली मुळं, एक जिवंत फांदी. उरलेली उंची आठ फूट. ब्राँक्सच्या रोपवाटिकेत त्याला वाढवलं. 2010 च्या मार्चमध्ये वादळानं ते तिथेही उन्मळून पडलं, पुन्हा उभं केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्मारकाच्या जागी परत आणलं. खालचा काळा, खडबडीत बुंधा आणि त्यातून फुटलेल्या गुळगुळीत नव्या फांद्या यांच्यातली रेषा आजही स्पष्ट दिसते. लोक तिथे उभे राहून रडतात. ज्या चिवटपणामुळे हे झाड जगलं तोच चिवटपणा ओहायोच्या कुरणात नको झाला आहे. मला यात झाडाचा अपराध कुठेच दिसत नाही. मेयरनं त्याचा स्वभाव पहिल्याच भेटीत लिहून ठेवला होता. चूक त्या हिशेबाची होती ज्यानं एका झाडाच्या लाखो नकला करून संपूर्ण देशाचे रस्ते भरले, आणि मग त्या नकलांशेजारी सोयरे आणून बसवले.

मेहल असं का सुटलं नाही, हा प्रश्न साहजिक आहे. तेही कुठेही उगवतं, त्याचं बीही पक्षी-प्राणी पसरवतात. पण हिमालयात त्याला खाणारे सगळे जागेवर आहेत. पानाला किडे आहेत, रोपाला शेळ्या आहेत, फळाला अस्वल, माकड, पोरं आहेत. कुणी त्याचा एक देखणा नमुना निवडून लाखानं लावला नाही. प्रत्येक मेहल दुसऱ्याहून वेगळं, आणि त्या वेगळेपणात उद्याच्या नासपतीसाठी लागणारे रोगप्रतिकाराचे, दुष्काळ सोसण्याचे गुण विखुरलेले आहेत. ओरेगॉनमध्ये कॉर्व्हालिस इथे अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1981 पासून जगभरच्या नासपतींचा संग्रह केला आहे. तिथे ही दोन्ही झाडं राखलेली आहेत. पण संग्रहातली मोजकी झाडं म्हणजे डोंगरभर पसरलेला वंश नव्हे. कुमाऊँच्या बांधावरचं मेहल वाचलं पाहिजे ते तिथेच, त्याच्या खाणाऱ्यांसकट, आणि त्याचं कलम बांधू शकणाऱ्या हातांसकट.

अमेरिकेत अलीकडे हौशी फळबागवाले एक जुनं काम नव्यानं करू लागले आहेत. रस्त्याकडेचं किंवा आपल्या शेतात घुसलेलं रानटी कॅलेरी मुळासकट उपटणं कठीण. तोडलं तर बुंधा दसपट फुटतो. म्हणून ते थंडीच्या शेवटी खोड गुडघ्याएवढं कापतात, सालीखाली युरोपीय किंवा आशियाई नासपतीच्या काड्या खोचतात, मेण लावून बांधतात. ज्या कामासाठी मेयरनं बी पाठवलं होतं तेच हे काम. दोन-तीन वर्षांत त्या खुंटावर खाण्याजोगी नासपती लागते. खुंट फायर ब्लाइटला दाद देत नाही, पण वर बसवलेल्या वाणाला ते संरक्षण मिळत नाही, म्हणून वाण निवडतानाही रोगाला टिकणारा घ्यावा लागतो. आणि कलमाखालून येणारा प्रत्येक फुटवा दर वसंतात कोवळा असतानाच अंगठ्यानं मोडून टाकावा लागतो. एक जरी राहिला तर तो वरच्या काडीहून लवकर वाढतो, काटे धरतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पांढरा फुलतो. मुक्तेश्वरचा बागवान मेहलाच्या खुंटावर हेच करतो, त्याच ऋतूत.